माझ्या सहीचे चाळीस अर्ज

सप्तपर्णी फुलली की खारघरच्या आमच्या सेक्टरमधली निम्मी माणसं संध्याकाळी खिडक्या लावून घेतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना ही झाडं ओळीनं लावली आहेत आणि ऑक्टोबर संपता संपता ती सगळी एकदम फुलतात. वास इतका दाट की कुणाचं डोकं उठतं, कुणाला शिंका येतात. मला मात्र तो आवडतो. यंदा तो आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्याच वेळी खालून भोंग्याची रिक्षा गेली. कुठल्याशा ओळखीच्या चालीवर कुणाचं तरी नाव बसवलेलं होतं आणि ते नाव चालीत मावत नव्हतं. शेवटचं अक्षर प्रत्येक कडव्यात पायरी चुकल्यासारखं आपटत होतं. मला हसू आलं, आणि मग हातातला ओला टॉवेल तसाच धरून मी बराच वेळ उभी राहिले.

निवडणूक हाही एक मोसमच आहे असं मला वाटू लागलंय. त्याची चाहूल आधीच लागते. दुभाजकांना काळे-पिवळे पट्टे मारले जातात, डांबराचा गरम वास येतो, नळाला अचानक प्रेशर येतं. पेपर उघडला की मांडीवर चार-पाच गुळगुळीत पत्रकं घसरतात. फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज येतो, ‘नमस्कार, मी आपला...’ माझा नवरा अविनाश स्वभावानं इतका सभ्य की तो त्या आवाजाला ‘हो, नमस्कार, बोला ना’ असं उत्तर देतो आणि पलीकडचा थांबत नाही म्हणून गोंधळतो. मागच्या निवडणुकीत हे सगळं असंच होतं. आणि त्याच मोसमात मंजुळामावशीचं नाव मतदार यादीतून गेलं, माझ्या सहीनं.

हे नीट सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. रबाळ्याच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. गेली बावीस वर्षं दिवसभर कागद वाचते आणि सह्या करते. कुठल्या टाकीत काय, कधी, किती मिसळलं, कुणी बघितलं, लेबलवरची तारीख बरोबर आहे का. माझ्या सहीशिवाय गोळ्यांचा खोका गेटच्या बाहेर जात नाही. नवीन मुली विभागात आल्या की त्यांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते, ‘वाचल्याशिवाय सही करायची नाही. साहेब मागे उभा राहिला तरी नाही.’ त्या वाक्याचा मला बराच अभिमान होता.

आणि मंजुळामावशी कोण, तेही सांगायला हवं.

लग्न होऊन मी कराडकडून इकडे आले, तेव्हा खारघरात निम्मे प्लॉट रिकामे होते आणि पावसाळ्यात त्यांत बेडूक ओरडायचे. बिल्डिंगमधलं घर परवडणारं नव्हतं. गावठाणात जोमादादांच्या घरात पहिल्या मजल्यावर आम्ही एक खोली भाड्यानं घेतली. जोमादादा म्हणजे मंजुळामावशीचे यजमान. शेत शहरात गेल्यावर त्यांनी आपल्या जुन्या घरावर एकेक मजला चढवत नेला. स्वतः विटा वाहिल्या, स्वतः पाणी मारलं. जिना इतका अरुंद होता की आमचं कपाट दोरानं खिडकीतून वर घ्यावं लागलं. माझी लेक त्या खोलीत मोठी झाली. मावशी तिला मांडीवर आडवी घेऊन तेल लावायची, आंघोळ घालायची, हळू आवाजात कानाशी काहीतरी बोलत राहायची. पोरीनं पहिला स्पष्ट शब्द उच्चारला तो ‘नाय’, मावशीच्या बोलीतला. अविनाशच्या आईला तो फार लागला. मी खूश होते.

त्या वर्षी जोमादादाच मला म्हणाले होते, ‘बाय, तुजा नाव यादीत हाय का?’ मी म्हटलं, कराडला आहे. ‘मंग ते हितं आन. राहतेस हितं, पानी हितला पितेस, मत तिकरं कशाला?’ ते स्वतः मला घेऊन गेले, अर्ज भरून घेतला, पत्त्याच्या रकान्यात आपला घर नंबर घातला आणि परत येताना म्हणाले, ‘आता तू हितली.’ पुढं आम्ही टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, नाव तिथल्या यादीत गेलं. जोमादादा मागच्या निवडणुकीच्या तीन वर्षं आधी वारले. मावशी तळमजल्याच्या खोलीत एकटी राहू लागली, वर भाडेकरू. तिची एकुलती लेक सुगंधा नावड्याला दिलेली. आमचं जाणंयेणं सणावारापुरतं उरलं होतं. शहरात आपण माणसं तोडत नाही, फक्त पुढच्या रविवारावर टाकत राहतो.

तर, त्या मोसमात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. हलणाऱ्या कॅमेऱ्यात मतदार यादीची पानं, त्यावर लाल गोल आणि मोठा, घाबरवणारा आवाज. ‘एकाच घरात छप्पन्न मतदार! गावठाणातला हा प्रकार बघा! तुमचं मत चोरीला जातंय. जागे व्हा!’ पाठीमागे युद्धाच्या सिनेमात असतं तसलं संगीत. आमच्या ग्रुपवर एरवी पार्किंग आणि कुत्र्यांवरून भांडणं चालतात, पण त्या दिवशी सगळे एक झाले. कुणी लिहिलं, म्हणूनच आपल्याला पाणी येत नाही. मीही त्यावर अंगठा दिला. चहा पीत होते, डाव्या हातानं दिला. फार विचार केला नाही.

त्याच आठवड्यात गेटवर एक टेबल लागलं. दोन नीटनेटक्या मुली, इस्त्रीचे कुर्ते, गळ्यात ओळखपत्र. ‘मॅडम, पाण्याचं प्रेशर आणि सेक्टरचं गार्डन यासाठी सह्यांची मोहीम आहे. एक मिनिट फक्त.’ नाव, फोन, मतदार कार्डाचा नंबर. मी विचारलं, कार्डाचा नंबर कशाला? ‘मॅडम, मतदारानं सांगितलं की वर ऐकतात.’ मला ते पटलं. ऑफिसची बस यायची होती. मुलीनं टॅब पुढं केला आणि मी काचेवर बोटानं सही केली. काचेवरची सही नेहमी थोडी लहान मुलासारखी येते. ‘थँक्यू मॅडम’ म्हणत तिनं मला एक पेनही दिलं.

दसऱ्यानंतर एका शनिवारी दुपारी दारावर बेल वाजली. दारात एक शिक्षिका होत्या, पालिकेच्या शाळेतल्या. मतदार यादीच्या कामाला त्यांना लावलं होतं. सावंतबाई. त्यांच्या पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात फायलींची पिशवी आणि चेहऱ्यावर अख्ख्या सेक्टरचं ऊन. मी पाणी दिलं. ते एका दमात पिऊन त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही गावठाणातल्या लोकांवर हरकती घेतल्यात ना? नावं वगळण्याच्या?’

‘मी? नाही हो.’

‘चाळीस अर्ज आहेत तुमच्या नावानं.’ त्यांनी गठ्ठा काढून टीपॉयवर ठेवला. ‘पहिले थोडे आले तेव्हा मला काही वाटलं नाही. मग एकगठ्ठा आले. मी म्हटलं, एक बाई चाळीस माणसांना ओळखते कशी, जाऊन विचारावं.’

मी वरचा अर्ज उचलला. हरकत घेणाऱ्याचं नाव माझं. फोन माझा, कार्डाचा नंबर माझा. कारणाच्या रकान्यात छापलेलं, ‘कायमचे स्थलांतरित’. खाली सही माझी. अगदी माझी, आडनावाच्या शेवटी मी एक शेपूट ओढते त्यासकट. मला आधी राग आला नाही, भीतीही वाटली नाही. मला वाटलं ते विचित्र होतं. मला कुतूहल वाटलं. ऑफिसात एखादा कागद सगळा बरोबर असून चुकीचा वाटतो, तेव्हा वाटतं तसं.

मी तीन अर्ज घेऊन खिडकीशी गेले. एकावर एक ठेवून उन्हात धरले. तिन्ही सह्या एकमेकींवर अशा बसल्या की एकच सही दिसत होती. शेपूट तिथंच संपत होतं, मधला तुटका भागही तिथंच.

‘सावंतबाई, हे बघा.’

त्या उठून आल्या, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिल्या.

‘माणूस दोनदा हुबेहूब सही करूच शकत नाही,’ मी म्हटलं. ‘हात आहे तो, रबरी शिक्का नाही. ही एकच सही आहे. मी कुठंतरी एकदाच केलेली.’ आणि बोलता बोलताच मला ती काच आठवली. बोटाखाली गार लागलेली.

सावंतबाई सोफ्यावर बसल्या. ‘अरे देवा,’ एवढंच म्हणाल्या. मग हळूच, ‘मॅडम, पहिल्या गठ्ठ्यातल्या तिघांची नावं मी वगळायला दिली आणि ती गेलीसुद्धा. मी दोनदा गेले होते हो त्यांच्या घरी. कुलूप होतं. नोटीस लावली. वरच्या भाडेकरूला विचारलं, तो म्हणाला, वो लोग इधर नहीं रहते.’

‘कोण तिघं?’

त्यांनी फाईल उघडली. दुसरं नाव होतं, मंजुळा, पतीचं नाव जोमा. घर नंबरही होता. मी तो नंबर दोन वेळा वाचला. मग मोबाईल उघडून तो व्हिडिओ लावला, आवाज बंद करून. लाल गोलाच्या आत तोच नंबर होता. छप्पन्न मतदारांचं ते घर म्हणजे मी सात वर्षं राहिले ते घर. गावठाणात घराला नंबर मिळाला तेव्हा तिथं एकच बैठं घर होतं. मग भाऊ वेगळे झाले, मागे खोल्या निघाल्या, वर मजले चढले, भाडेकरू आले. माणसं वाढली, नंबर तोच राहिला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच नंबरावर कधीकाळी माझंही नाव होतं.

मी तशीच निघाले. अविनाश म्हणाला, ‘आधी फोन कर.’ फोनवर काय बोलणार होते?

मावशी दारात बसून मेथी निवडत होती. निळ्या दारावर डिंकाचे चार ठसे होते, मध्ये चौकोनी कोरी जागा. नोटीस लावली होती ती जागा. मला बघून ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, ‘या. तुमी बसा मॅडम. चाय टाकते.’

आजवर तिनं मला कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं. बाळंतपणात माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली बाई मला मॅडम म्हणत होती. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

‘मावशी, ते मी नाही केलं.’

‘सुगंधानं वाचून दावला. नाव तुमचा हाय.’

‘नाव माझं आहे. पण मी...’

‘सही?’

‘सहीपण माझीच आहे,’ मी म्हटलं, आणि हे सांगणं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. मी तिला सगळं सांगितलं. टेबल, टॅब, पाण्याचं प्रेशर. व्हिडिओवर अंगठा दिला तेही सांगितलं. ते लपवता आलं असतं. ती मेथीच्या काड्या मोडत ऐकत होती.

‘पंधरा दिवस नावड्याला गेलते,’ ती शेवटी म्हणाली. ‘सुगंधाच्या पोरीचा बालतपन. नातीचा पोर बघायला गेले त मी गावची नाय राह्यले?’ आणि मग तिचा आवाज चढला. ‘सांग ना, मी कुटं गेले? सोला वर्साची हितं आयले. शेत गेला. मिठागर गेला. तला बुजवला. शहर चालत माज्या दारात आयला. सगला गेला त्यातली मी येकटी हितंच हाय, आनि कागदावर लिवतात, मंजुला गेली!’

ती ‘सांग ना’ म्हणाली होती, ‘सांगा ना’ नाही. रडू आवरत मी त्या एका अक्षराला धरून बसले.

पुढचे आठ दिवस मी रजा टाकली. माझ्या नावानं हरकत घेतलेल्या उरलेल्या सदतीस जणांची सुनावणी होती. एका दुपारी गावठाणातून टेम्पो भरून माणसं आली. रेशन कार्ड, वीजबिलं, एका काकांनी तर लग्नाची पत्रिका आणली होती. अधिकाऱ्यांसमोर मी लिहून दिलं की हे अर्ज माझे नाहीत, माझी सही दुसऱ्या कारणासाठी घेऊन वापरली आहे. तीन अर्ज त्यांनाही उजेडात धरून दाखवले. त्यांनी सगळे अर्ज बाजूला काढले. सदतीस नावं राहिली. सावंतबाईंनी उभं राहून सांगितलं, ‘कुलूप बघून मी चुकले, साहेब.’ तसं सांगायची त्यांना सक्ती नव्हती. पण आधी गेलेली तीन नावं परत घालायला नवा अर्ज लागणार होता आणि त्या निवडणुकीसाठी अर्ज घ्यायची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. चारच दिवस.

ते टेबल कुणाचं होतं याचा मी खूप शोध घेतला. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, ‘अहो, चांगल्या घरच्या मुली वाटल्या, गार्डनचं काम आहे म्हणाल्या, मी परवानगी दिली. मीपण सही केलीय!’ मग त्यांचा चेहरा उतरला. पत्रकावरच्या संस्थेचा फोन नंबर अस्तित्वात नव्हता. पत्त्यावर गेले तर तिथं केस कापायचं दुकान. पोलिसांत तक्रार दिली, तिचा कागद माझ्याकडे आहे, त्यापुढं काही कळलं नाही. मला त्या मुलींबद्दल अजून कुतूहल वाटतं. त्यांना माहीत होतं का? की त्यांनाही कुणी गार्डनचंच सांगितलं होतं? जिनं पेन दिलं तिचा आवाज खरोखर गोड होता.

आमच्या कामात एखादी बॅच बिघडली की मूळ कारण शोधतात. ‘का?’ विचारायचं, उत्तर आलं की त्याला पुन्हा ‘का?’ विचारायचं. मी ते स्वतःवर करून पाहिलं. सही का केली? घाईत होते. घाईत का वाचलं नाही? पाण्याचं काम वाटलं. व्हिडिओवर विश्वास का ठेवला? इथं मात्र मी बराच वेळ अडले. संगीतामुळं नाही, लाल गोलामुळंही नाही. तो खरा निघाला तर बरं, असं मला आतून वाटलं होतं. टॉवरमधल्या माणसाला गावठाणाबद्दल वाटतं ते थोडंसं सुख. आपण नियमानं राहतो, तिकडं सगळं वेडंवाकडं. आपल्याला पाणी येत नाही त्याला कुणाचा तरी चेहरा मिळाल्याचं समाधान. ज्यानं तो व्हिडिओ बनवला त्यानं मला कधी बघितलंही नसेल, पण तो मला चांगला ओळखत होता. हे मला आजही सगळ्यात जास्त चकित करतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी मावशी माझ्या बिल्डिंगखाली उभी होती. हिरवं लुगडं, अंबाड्यात पिवळी शेवंती, हातात कार्ड. आमचं दोघींचं केंद्र एकाच शाळेत, खोल्या वेगळ्या. मी म्हटलं, ‘मावशी, नाव नाहीये गं.’

‘म्हाईत हाय. पन मी जानार. त्यांनी माज्या तोंडावर सांगाला पायजे.’

गावठाणाच्या रांगेत मी तिच्याबरोबर उभी राहिले. दीड तास लागला. बायका तिला पुढं सोडत होत्या, ती जात नव्हती. टेबलापाशी एक तरुण कर्मचारी होता. यादीवर पट्टी सरकवत त्यानं दोनदा पाहिलं.

‘मावशी, यादीत नाव नाही तुमचं.’

‘कार्ड हाय ना.’

‘कार्ड आहे. पण यादीत नसेल तर मला काही करता येत नाही.’

तिनं कार्ड त्याच्यासमोर धरलं. ‘ह्यो फोटू कोनाचा हाय?’

त्यानं फोटो पाहिला, तिला पाहिलं. ‘तुमचाच.’

‘मंग लिवून दे.’

‘काय?’

‘का मंजुला आयली व्हती म्हनून. वेलेवर आयली व्हती.’

त्यानं पट्टी खाली ठेवली. ‘तसा कागद नसतो, मावशी,’ तो अगदी हळू म्हणाला आणि आपली पाण्याची बाटली तिच्यापुढं केली. तिनं ती घेतली नाही. पण जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘तुजा काय दोस नाय.’

बाहेर पायरीवर बसल्यावर मी तिला म्हटलं, ‘मीपण नाही टाकत मत. तुझं माझ्यामुळं गेलं.’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पोरीला उपाशी ठेवायची गोष्ट बोलले. ‘येडी झाली का? त्यांना येक मत कमी पायजे व्हता. तू त्यांना दोन देतेस? जा. रांग वाढल.’

मी गेले. मशीनचा तो लांब आवाज मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकला होता, त्या दिवशी तो संपेचना. बाहेर आले तेव्हा शाईचं बोट मुठीत होतं. मावशीनं मूठ उघडली, बोट उजेडात धरून नखापर्यंत पाहिलं, मी ऑफिसात एखाद्या सहीकडं पाहते तसं.

‘कोनाला दिला ते नाय इचारत. नीट दाबलास ना?’

‘हो.’

‘मंग बरा,’ ती म्हणाली आणि माझ्या हातात हात देऊन उठली. म्हणजे उठायला आधार तिला हवा होता, पण मिळाला तो मला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गावठाणातल्या काही बायका अजून मला बघून बोलणं थांबवतात. सुगंधा सणाला भेटते तेव्हा नीट हसत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हसले नसते. मी सोसायटीच्या ग्रुपवर घर नंबरची सगळी हकिकत लिहिली. तीन जणांनी हात जोडले, एकानं विचारलं, तुम्हाला किती मिळाले? आणि तासाभरात पार्किंगचं भांडण सुरू झालं. ज्यांनी तो व्हिडिओ शंभर जणांना पाठवला होता, त्यांतल्या एकानंही हे पुढं पाठवल्याचं मला माहीत नाही. खोटी गोष्ट छोटी आणि चटकदार असते. खरी सांगायला जोमादादांनी वाहिलेल्या विटांपासून सुरुवात करावी लागते.

निवडणुकीनंतर मावशीचा नवा अर्ज भरला. नाव आलं. आता यंदा पुन्हा याद्या निघाल्यात. प्रारूप यादी आली त्या दिवशी मावशीचा फोन आला. ‘रविवारी दुपारचे ये. वाचाचा हाय.’

गावदेवीच्या देवळाच्या मंडपात सतरंजी अंथरलेली होती. गावठाणाच्या यादीची पानं मावशीनं छापून आणली होती आणि दगड ठेवून दाबली होती. पाऊणशे तरी माणसं होती, बायाच जास्त. मला मध्ये बसवलं. मी एकेक नाव वाचू लागले. ज्याचं नाव येई तो म्हणे, ‘हाय!’ कुणी कामावर असेल तर सासू म्हणे, ‘हाय, ड्युटीला गेलाय.’ भाडेकरूंनाही मावशीनं बोलावून आणलं होतं. एक जण कोपऱ्यातून ‘हूँ मैं, हूँ’ म्हणाला तेव्हा सगळा मंडप हसला. कुणाचं वय चुकलेलं, कुणाच्या नावाची वेलांटी. मी समासात खुणा करत होते.

मग मावशीचं घर आलं. तिचं नाव वाचलं. ‘हाय,’ ती ठासून म्हणाली. आणि तिच्या वरच्याच ओळीत नाव होतं, जोमा. ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. मी थांबले.

‘मावशी, दादांचं नाव...’

‘मना म्हाईत हाय.’ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ‘मीच कापाला दिला नाय. दर टायमाला चिठ्ठ्या येतात ना मतदानाच्या, दोन याच्या. येक माजी, येक त्यांची. देवामागं ठेवते.’ मग म्हणाली, ‘मागल्या टायमाला येकच आयली. त्यांची. माजी नाय.’

हे तिनं मला तेव्हा सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मेलेल्या नवऱ्याची चिठ्ठी घेऊन ती घरात बसली होती, आणि तरीही हिरवं लुगडं नेसून माझ्या बिल्डिंगखाली आली होती.

‘राहू दे का?’ मी विचारलं. मला असं विचारायला नको होतं, पण विचारलं.

तिनं यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मंडपात पंखा फिरत होता, पानांच्या कडा हलत होत्या. ‘नको,’ ती म्हणाली. ‘कोनी त्यांच्या नावानं मत टाकून जाल. ते कोनाच्या फसवनुकीत नव्हते कदी. काप.’

नाव वगळायचा अर्ज मी पिशवीतून काढला. तोच अर्ज, मागच्या वेळी चाळीसदा छापलेला. या वेळी मी तो हातानं भरला. कारण, मृत्यू. अर्जदाराचं नाव, मंजुळा. मृताशी नातं, पत्नी. मग मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवला. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती. एका ठिकाणी म्हणाली, ‘परत वाच,’ आणि मी परत वाचलं.

साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं तिनं एकेक करून काढली. ‘ळ’ काढताना पेन दोनदा उचललं. मग कागद माझ्याकडं सरकवला, डोळे पुसले आणि मंडपाकडं तोंड करून म्हणाली, ‘गप का झाल्या सगल्या? बाय, पुडचा नाव वाच.’